जंगबारी

मिरचीच्या मोसमात नंदुरबारात नवा माणूस कोण, हे विचारावं लागत नसे. जो शिंकतो तो नवा. मी शाळेत भूगोल शिकवायला म्हणून नाशिकहून तिथे आलो तेव्हा माघ चालू होता. स्टेशनातून बाहेर पडलो आणि बाजाराशी येईपर्यंत डोळ्यांनी दिसेनासं झालं. ट्रंक खाली ठेवून मी धोतराच्या सोग्याने नाक पुसत उभा होतो. तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरून खाली केला.

"नाक नका पुसा, मास्तर. वाही जाऊ द्या. पुसं का आखो जास्ती चढस."

उंच, किडकिडीत, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. अंगात पांढरा लांब झगा, डोक्याला भरतकामाची गोल टोपी. अशी टोपी मी त्याआधी कुणाच्या डोक्यावर पाहिली नव्हती. मी मास्तर आहे हे यांना कसं कळलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "पुस्तकंनी ट्रंक शे. कपडासनी ट्रंक इतली वाकाडस नही मानूसले." मग ती ट्रंक स्वतः उचलून त्यांनी मला माझ्या बिऱ्हाडाच्या दारापर्यंत पोचवलं. माझी खोली पन्नालालशेठ या मारवाडी व्यापाऱ्याच्या माडीवर होती, आणि समोरच्याच बाजूला, मशिदीच्या मागच्या भिंतीला लागून, या गृहस्थांची एकखणी जागा होती. नाव कासमभाई. पण हे नाव मला दोन दिवसांनी कळलं. गावात त्यांना सगळे जंगबारी म्हणत.

जंगबार म्हणजे झांझिबार. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं लवंगेचं बेट. कासमभाई जन्माने नंदुरबारचेच, मिसरूड फुटायच्या वयात सुरतेच्या एका व्यापाऱ्याबरोबर तिथे गेले होते आणि बावीस वर्षं त्याच्या वखारीत लवंगेची पारख करत होते. परत आले ते एकटे. मी नंदुरबारात आलो तेव्हा त्यांना येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि ते आता मिरचीचे पारखी होते.

गावाबाहेर मोकळ्या मैदानांवर मिरची वाळत घालतात. त्या मैदानांना तिथे पथारी म्हणतात. मैलभर लांबून पाहिलं तर जमिनीला लाल पट्टे ओढल्यासारखे दिसत. सकाळी दहाच्या सुमाराला कासमभाई पथारीवरून हळूहळू चालत निघायचे, दोन्ही हात पाठीमागे. मध्येच वाकून एक मिरची उचलायची, कानाजवळ नेऊन हलवायची. बी खुळखुळलं की ठीक. मग ती मोडायची, वास घ्यायचा, पुढे जायचं. जीभ कधी लावत नसत. गंमत म्हणजे खानदेशातल्या या पहिल्या नंबरच्या मिरचीच्या पारख्याला मिरची खाता येत नव्हती. नारळाच्या दुधातला भात हे त्यांचं जेवण, आणि नारळ सुरतेहून गाडीने यायचा. बाजारातले लोक म्हणत, जंगबारी मिरचीचा जाणकार कसला, वैरी आहे. ते हसत आणि म्हणत, "वैरीनीच पारख चांगली व्हस."

एकदा मी त्यांच्याबरोबर पथारीवर होतो. पन्नालालशेठचा एक मोठा ढीग गाडीत भरायला तयार होता. कासमभाईंनी त्यातली मिरची कानाशी धरली, दुसरी धरली, तिसरी धरली. मग ते शेठकडे वळले.

"शेठ, हाई मिरची रडी ऱ्हायनी."

पन्नालालशेठचा चेहरा पडला. वजन वाढावं म्हणून कुणीतरी रात्रीतून ढिगावर पाणी मारलं होतं. आठ दिवसांत आतून काळी पडली असती. शेठने मुनिमाकडे पाहिलं, मुनिमाने जमिनीकडे. ढीग परत उलगडून वाळत घालावा लागला आणि सौदा हुकला. पण शेठ मानी माणूस होता. त्याने सगळ्यांसमक्ष सांगितलं, "कासमभाई ना बोले तो ना. मेरा माल हो, तो भी ना." त्या दिवसापासून बाजारात जंगबारींचा शब्द शेवटचा ठरला.

असा मान असलेल्या माणसाकडे कुणी जात-येत का नाही, हे मला बरेच दिवस कळलं नाही. वाईट कुणीच बोलत नसे. ईदेला आजूबाजूची घरं शिरखुर्मा पाठवत, दिवाळीला शेठकडून ताट जाई. पण ओट्यावर येऊन बसत कुणी नव्हतं. त्यांचे भाऊबंद शहाद्याकडे पांगले होते. बरोबरीचे मित्र बावीस वर्षांत एक तर मेले होते किंवा दुसऱ्यांचे मित्र झाले होते. कासमभाई गोष्ट सांगायला लागले की त्यातली माणसं, गल्ल्या, झाडं कुणीच पाहिलेली नसत, आणि ऐकणाऱ्याच्या गोष्टीत कासमभाई कुठेच नसत. शेजारधर्म होता, पण आठवणी वेगळ्या होत्या. तेव्हा माणसं नमस्कार करून पुढे जात.

मी जायला लागलो तो भूगोलाच्या लोभाने. मी मुलांना लवंगेचं मूळ घर म्हणून मोलुकास बेटं नकाशावर दाखवायचो. ज्याने तिथल्या लवंगेच्या झाडांची नातवंडं पाहिली असा माणूस समोर राहत होता. रविवारी दुपारी ते आलं घातलेली कोरी कॉफी उकळायचे आणि मी ऐकायचो. त्यांनी पुस्तक म्हणून काही वाचलं नव्हतं. जे होतं ते अरबी खलाशांकडून, वखारीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं.

एकदा मी त्यांना सातवीच्या वर्गात घेऊन गेलो. हेडमास्तर जरा कुरकुरले. कासमभाईंनी आधी नकाशासमोर उभं राहून नंदुरबार शोधलं. ते नकाशात नव्हतंच. सुरत सापडली, तिच्या उजवीकडे त्यांनी बोट टेकवलं आणि मुलांना म्हणाले, "आठे आपुन शेत." मग ते बोट सावकाश समुद्रावरून पश्चिमेला निघालं, आफ्रिकेला वळसा घालून, आणखी एक समुद्र ओलांडून पार अमेरिकेत गेलं.

"आनि आठली शे मिरची. आपली नही. परदेशी शे."

वर्ग हसला. नंदुरबारच्या मुलांना मिरची परदेशी म्हणणं म्हणजे तापीला परदेशी म्हणण्यासारखंच होतं. त्यांनी समजावून सांगितलं. पोर्तुगीज आले ते मिऱ्यासाठी. त्यांच्या मुलखात मांस टिकवायला, चवीला, औषधाला मिरी हवी होती आणि ती मलबारात होती. येताना ते दुसऱ्या खंडातलं हे लाल फळ घेऊन आले. मिरी त्यांनी नेली, मिरची आपल्याकडे राहिली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मंग त्याना पहिले भाकरसंगे काय खायेत?" कासमभाई म्हणाले, "मिरी. गरीबले तीबी नही. तो कांदा फोडे."

मग त्यांनी लवंगेची गोष्ट सांगितली. पूर्वेकडे समुद्रात चार-पाच लहान बेटं होती, लवंग सगळ्या जगात तेवढीच. तिथे मूल जन्मलं की बाप लवंगेचं एक झाड लावायचा. झाड आणि मूल बरोबर वाढायचं. डच व्यापारी आले. भाव चढा राहावा म्हणून त्यांनी एक-दोन बेटांवरची झाडं ठेवली आणि बाकी सगळी तोडायला लावली. ज्याने रोप चोरून नेलं त्याला मरणाची शिक्षा. "तोडनारासले झाड दिखनं," कासमभाई म्हणाले, "मायबापले पोऱ्या दिखना." पुढे कुण्या फ्रेंचाने रोपं चोरून नेली, त्यांची रोपं अरबांनी जंगबारला आणली, आणि ती लावायला आफ्रिकेच्या आतल्या भागातून माणसं बांधून आणली, गुलाम म्हणून. त्या झाडांची लवंग आज आपल्या मसाल्यात पडते.

घंटा झाली तरी कुणी उठेना. जाताना दारात थांबून ते मला हळूच म्हणाले, "मास्तर, मसालाना धंदा इतलाच शे. जो पिकाडस त्याले खानारा दिखस नही. जो खास त्याले पिकाडनारा दिखस नही."

वर्षातून दोनदा त्यांच्याकडे जंगबारहून पत्र यायचं, आणि एकदा पार्सल. कापडात शिवलेली पुडी, आत लवंग. पोस्टातून ते ओट्यापर्यंत येईस्तोवर गल्लीत वास पसरलेला असे. हे सगळं त्यांची मुलगी जोहरा पाठवायची; मुलीला ते आपल्या बोलीत आंडेर म्हणत. ती तिथेच जन्मलेली. आई मरियम तिथली, स्वाहिली बोलणारी बाई. जोहराचं लग्न एका लवंगवाडीवाल्याकडे झालं होतं. वाडी लहान, चाळीसेक झाडं, घरातलीच माणसं कळ्या खुडायची.

एका रविवारी मी गेलो तर हातात नवीन पत्र होतं. अरबी लिपी, भाषा स्वाहिली. ते मला म्हणाले, "बसा. मी वाचस."

"मला समजणार नाही, कासमभाई."

"माले ठावं शे. पन बसा. भितडाले वाची दावापेक्षा मानूस बरा."

मी बसलो. त्यांनी मोठ्याने सगळं पत्र वाचलं. ते खानदेशी बोलत तेव्हा आवाज कोरडा, तुटक असे. त्या भाषेत तो आवाज गोल, मऊ झाला, मध्येच हसला, एका ठिकाणी अडखळला. मी त्यांना नऊ-दहा महिने ओळखत होतो, पण हा माणूस मी प्रथमच पाहत होतो. सबंध खानदेशात ती भाषा जाणणारा दुसरा जीव नव्हता. वाचून झाल्यावर त्यांनी घडी घातली. आत काय होतं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच: तुम्ही परत का जात नाही?

त्यांनी कॉफीचं भांडं खाली उतरवून ठेवलं.

"मी सहा महिनासाठे उनथू, मास्तर. माय बीमार व्हती. बोट मुंबईले लागनी त्याना आधीच माय गयी. म्हनं, आते चाळीसवा करीसन जासू. मंग पाऊस लागना, बोटी बंद. मंग घरनी वाटनी. मंग..." हाताने त्यांनी काहीतरी झटकून टाकलं. "आज जासू, उद्या जासू. तठे मरियमले ताप उना. कागद माले अकरा महिनानंतर मिळना. जोहरानी लिखेल व्हतं, बाबा, मायनी शेवटपावत तुमनं नाव लिधं. आते मी तिनासमोर कोनतं तोंड लईसन जाऊ?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण पार्सल आलं की ते ती लवंग पारखत, दाण्याचं डोकं शाबूत आहे का, तेल किती सुटतं, हे मी पाहायचो. खरं तर लवंग बघून ते लेकीची खबर काढत. "आवंदा कळी बारीक शे. मानसं कमी पडनात दिखस," असं म्हणत. एरवी एक लवंग कायम त्यांच्या गालात असे.

मग सदतीस साल आलं. जंगबारच्या सरकारने लवंगेच्या खरेदीचा मक्ता आपल्या ताब्यातल्या संघाकडे दिला. तिथे पिढ्यान् पिढ्या धंदा करणाऱ्या आपल्या लोकांवर गदा आली. इकडे देशभर ठरलं की जंगबारची लवंग घ्यायची नाही, खायची नाही. मुंबईत निदर्शनं झाली, आणि लाट नंदुरबारलाही पोचली. दुकानांतून लवंगेच्या बरण्या आत गेल्या. विड्याला लवंग टोचायची बंद झाली. चौकात सभा ठरली. आणि जंगबार पाहिलेला माणूस गावात एकच होता.

संध्याकाळी पाचची वेळ. पन्नालालशेठ अध्यक्ष. दोन जणांची भाषणं झाली आणि कासमभाईंना वर बोलावलं. टाळ्या पडल्या. ते धुतलेला झगा घालून आले होते. आयुष्यात प्रथमच गावाने त्यांना त्यांच्या जंगबारबद्दल काही विचारलं होतं. मी खाली शिक्षकांच्या रांगेत होतो. ते बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, आता या माणसाचे दिवस फिरले.

"मी जंगबारले बावीस वरीस ऱ्हायनू. आपला यापारीनं मीठ खादं. त्यास्नावर जुलूम व्हयना, हाई खरं शे."

टाळ्या.

"पन झाडवर चढीसन जो कळी खुडस, त्यानं काय चुकनं? हाई हुकूम त्यानी काढेल नही. तुमी लवंग नका ल्या. तुमना हक शे. पन तठला मानूसले चोर नका म्हना. आत्ते एक भाऊ म्हनना, तठला काळा लोक आपला हक चोरी लई गयात. तसं नही शे. मन्ही आंडेर त्यास्नामा शे."

मागून कुणीतरी ओरडलं, "जंगबारी, खाली उतर!" गावात तोपर्यंत हे नाव प्रेमाने नाही तरी सवयीने घेतलं जात होतं. त्या दिवशी ते शिवीसारखं निघालं. पन्नालालशेठने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जड आवाजात म्हटलं, "बस, कासमभाई. बहुत हुआ." ते खाली उतरले. गर्दीने वाट करून दिली, जरा जास्तच रुंद.

त्यांना कुणी त्रास दिला नाही, हेही सांगायला हवं. फक्त पथारीवर बोलावणं बंद झालं. शेठने दुसरा पारखी सुरतेहून आणला. कासमभाई तीन दिवस दहा वाजता निघून पथारीवर गेले आणि कुणी मिरची पुढे केली नाही म्हणून परत आले. चौथ्या दिवशी देठ खुडणाऱ्या बायांची मुकादम सुकीबाई, भिलाटीतली, तिने त्यांना हाक मारली आणि रांगेत आपल्या शेजारी जागा करून दिली. बायांबरोबर बसून ते मिरचीचे देठ खुडू लागले. जंगबारलाही बायाच लवंगेच्या कळ्यांचे देठ काढतात, तळहातावर घासून. त्यांचे हात भराभर चालत. बाया त्यांना चाचा म्हणत. पण बायांच्या गप्पा बायांच्या, त्यांत हे काय बोलणार?

त्याच सुमाराला जोहराचं पार्सल आलं. पोस्टात वास लपत नाही. दुपारी चार तरुण दारात येऊन उभे राहिले. त्यांचा पुढारी वकिलाचा मुलगा, माझाच जुना विद्यार्थी. त्यांनी ती लवंग चौकात जाळायला मागितली. गलका ऐकून मी माडीवरून उतरलो.

कासमभाई उंबऱ्यात उभे होते, पुडी हातात. "जाळाले देनार नही," ते म्हणाले. "मन्ही आंडेरना हातनी शिलाई शे. पन खानार बी नही." त्यांनी तोंडात बोट घालून गालातली लवंग काढली आणि अंगणात टाकली. मग पुडी पितळी खिळ्यांच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली त्या पोराच्या पुढे धरली. "तुमी ठेवा. बंदी उठी तवय द्या."

पोराने हात पुढे केला नाही. "राहू द्या, चाचा," एवढं पुटपुटून ते चौघे निघून गेले. पुढे वर्षभर मी पाहत होतो, त्यांनी एकही लवंग तोंडात टाकली नाही. ज्या गोष्टीला भर सभेत हरकत घेतली तीच हा माणूस गावात सगळ्यांत कडक पाळत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्या गावमा ऱ्हास, त्या गावनं ऐकनं पडस." हे गावाला मात्र कळलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही, आणि आता वाटतं, सांगायला हवं होतं.

त्यांनी जोहराला लिहिलं, लवंग पाठवू नकोस. कारण लिहिलं की नाही, ठाऊक नाही. त्यानंतर पत्रं थांबली. एक मोसम गेला, दुसरा आला. पुढे तडजोड होऊन बहिष्कार उठला, बरण्या परत दुकानांच्या फळीवर आल्या, सगळं विसरलं गेलं. पन्नालालशेठ एक दिवस स्वतः ओट्यावर आला आणि म्हणाला, "चलो, कासमभाई, माल देखना है." ते गेले. गाव परत नमस्कार करू लागलं. पण जंगबारहून काही येईना. ते रोज पोस्टमन यायच्या वेळेला दारात उभे राहत. तो नुसती मान हलवून पुढे जाई.

शेवटी एके सकाळी ते माझ्याकडे आले. "मास्तर, मी जाई ऱ्हायनू."

"तोंड कोणतं नेणार?" मी म्हणालो. लगेच जीभ चावली.

"जे शे ते."

बरोबर त्यांनी नंदुरबारच्या मिरचीची एक पिशवी घेतली, स्वतः निवडलेली, बिनदेठाची. मुंबईच्या गाडीत मीच त्यांना बसवून दिलं. वाटलं, आता हे काही परत दिसत नाहीत. खोलीला कुलूप लागलं आणि गल्ली थोडी जास्तच रिकामी दिसू लागली.

सहाव्या महिन्यात कुलूप उघडलं. मी शाळेतून येत होतो. ओट्यावर कासमभाई बसले होते, अगदी कालच बसले होते तसे. मी शेजारी बसलो.

"जोहरा कशी आहे?"

"चांगली शे. चार पोरं शेत. वाडी आते मोठी व्हयनी. मन्हं लिखनं तिले समजनं नव्हतं. तिले वाटनं, बापनी नातं तोडं. मी सांगं, मंग रडनी." मग ते म्हणाले, "तठे पाहुना उना का करीबू म्हनतस. या, जवळ या. मी दारमा उभा ऱ्हायनू, तवय ती बाहेर उनी आनि म्हननी, करीबू."

मला वाटलं ते आनंदाचं सांगताहेत.

"घरना मानूसले करीबू म्हनतस नही, मास्तर. त्याले म्हनतस, इतला उशीर का बरं करा?"

चार महिने तिने त्यांना रोज सगळ्यांच्या आधी वाढलं, चांगली चटई दिली, नातवंडांना त्यांच्यापुढे आवाज करू दिला नाही. तिच्या जन्माच्या वर्षी त्यांनी लावलेलं झाड आता शिडीवाचून हाती येत नव्हतं. नातवंडं आपसांत त्यांना हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, म्हणत. त्यांचे काही जुने शब्द ऐकून हसत, कारण आता तसं कुणी बोलत नाही. "तठे मी हिंदी, आठे जंगबारी," ते म्हणाले. तिने राहा म्हटलं होतं. पाहुण्याला म्हणतात तसं, की खरं, हे त्यांना ओळखता आलं नाही. आणि आयुष्यभर पारख केलेल्या माणसाला हे ओळखता येऊ नये, याचं त्यांना जास्त लागलं होतं. लढाईच्या वावड्या उठल्या तेव्हा मिळेल त्या बोटीने ते निघाले. परत आल्यावर पत्रं सुरू झाली ती काही महिनेच. मग लढाई पेटली आणि समुद्रावरून येणारं सगळंच बंद झालं.

पुढची चार-पाच वर्षं सांगण्यासारखं काही नाही. ते पथारीवर जात, येत. नजर अधू झाली, पण कान तयार होता, त्यामुळे पारख चालली. बोलणं कमी होत गेलं. रविवारी मी गेलो तर आम्ही दोघं कॉफी पीत गप्प बसत असू.

माझी बदली धुळ्याला झाली त्या उन्हाळ्यातली ही शेवटची गोष्ट. मी सामानाचं बुकिंग करायला दुपारी स्टेशनावर गेलो होतो. कासमभाई हट्टाने बरोबर आले होते. लष्कराची एक लांबलचक गाडी फलाटाला लागून उभी होती, इंजिनात पाणी भरायला. डब्यांतून सगळे आफ्रिकेतले काळे शिपाई होते, ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे निघालेले. फलाटावरचे लोक मागे सरकून भिंतीला चिकटले होते. चहावालासुद्धा पुढे होईना. शिपाई खिडक्यांतून मुकाट बाहेर बघत होते, कोवळी, घामेजलेली तोंडं. त्यांना पाणी हवं होतं की काय, ते हाताने खुणा करत होते आणि कुणी समजून घेत नव्हतं.

कासमभाई माझ्या शेजारून निघाले. मी हाक मारली, पण ते थांबले नाहीत. मोकळ्या फलाटावरून काठी टेकत ते एकटे सरळ एका खिडकीपाशी गेले आणि मान वर करून काहीतरी म्हणाले.

खिडकीतला पोरगा दचकला. क्षणभर त्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना. मग तो आत वळून जोराने ओरडला, आणि त्या डब्याच्या, शेजारच्या डब्याच्या, सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर वाकली. "म्झे! म्झे!" असा गलका झाला. वडीलधाऱ्याला तिकडे असं म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कधीतरी कळलं होतं. दहा-वीस हात बाहेर आले. कुणी त्यांचा खांदा धरला, कुणी टोपीला हात लावून बघितलं. एक जण हसत होता आणि डोळे पुसत होता. कासमभाई बोलत होते. एका वेळी चौघांना उत्तरं देत होते, हाताने दिशा दाखवत होते, मोठ्याने हसत होते. मध्येच त्यांनी वळून चहावाल्याला दरडावलं, तेव्हा तो कळशी घेऊन धावला. त्यांच्या आवाजाला इतकं बळ आहे हे मला बारा-तेरा वर्षांत कळलं नव्हतं.

शिट्टी झाली. गाडी हलली तरी ते खिडकीचा गज धरून चालत राहिले, मग भरभर, मग जवळजवळ पळत. फलाटाच्या उताराशी हात सुटला. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत ते तिथेच उभे होते, उन्हात.

मी जाऊन त्यांना गाठलं. दम लागला होता, तोंड फुललं होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागले. घाईघाईने, मन भरून, किती वेळ. मी मान हलवत राहिलो. ते सगळं त्या भाषेत बोलत होते, आणि मला त्यातलं काही कळत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.